खांद्याइतक्या पाण्यात दिसणारे पाय

हौसेनं मासे धरणाऱ्या माणसाच्या बोलण्यावर विश्वास ठेवू नये, हा बहुतेक सगळ्या किनाऱ्यांवरचा अलिखित नियम आहे. त्याच्या गळाला लागून निसटलेला मासा दर वर्षी थोडा लांब होत जातो. त्यात तो माणूस म्हातारा असेल आणि लहानपणीच्या पाण्याबद्दल बोलत असेल, तर ऐकणारे मान डोलावतात आणि मनातल्या मनात निम्मं वजा करून टाकतात. ही वजाबाकी बहुतेक वेळा चुकते, असं मला या प्रकरणात दाखवायचं आहे. उपसागराच्या काठी वाढलेल्या, पोटासाठी नव्हे तर आवडीपोटी गळ आणि हातजाळी घेऊन पाण्यात उतरलेल्या माणसांच्या बालपणीच्या आणि तरुणपणीच्या आठवणी हा पुरावा आहे. तो कच्चा आहे, अपुरा आहे. पण शास्त्रीय मोजणी सुरू होण्याआधीच्या काळापुरता अनेक ठिकाणी तोच काय तो हाती उरलेला आहे. तो वाचण्याची रीत मात्र वेगळी. अशी आठवण ‘पूर्वी किती होतं’ हे सांगत नाही, ‘निदान इतकं तरी होतं’ एवढंच सांगते. पुढचा सगळा वाद या ‘निदान’वर उभा आहे.

या वादासाठी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा चेसापीक उपसागर निवडण्याचं कारण असं की तिथे आठवणी आणि मोजमापं दोन्ही मुबलक आहेत, त्यामुळे एकीची दुसरीवर परीक्षा घेता येते. म्हणायला उपसागर, पण स्वभावानं ही एक अवाढव्य खाडीच. उत्तर-दक्षिण सुमारे ३२० किलोमीटर लांब, आणि सरासरी खोली साडेसहा मीटरसुद्धा नाही. सहा राज्यं आणि राजधानी वॉशिंग्टन मिळून सुमारे १,६६,००० चौरस किलोमीटर प्रदेशाचं पाणी तिच्यात उतरतं. एवढ्या जमिनीचं पाणी इतक्या उथळ भांड्यात येतं म्हटल्यावर शेतातलं खत, शहरातलं सांडपाणी आणि उघड्या पडलेल्या डोंगरउतारांची माती यांचा हिशेब या पाण्याला चुकवता येत नाही. त्याच उथळपणामुळे ते मुलांचं पाणीही होतं. कमरेएवढ्या पाण्यात चालत जाऊन पाणगवतातले निळे खेकडे हातजाळीनं उचलावेत, धक्क्यावर बसून दोरीला कोंबडीची मान बांधून सोडावी, थोडं मोठं झाल्यावर बोटीतून रॉकफिशच्या मागे जावं, अशी तिथली रीत. रॉकफिश म्हणजे शास्त्रज्ञांचा स्ट्राइप्ड बास. अंगावर काळसर आडव्या रेघा असलेला हा मासा मेरीलँड राज्याचा अधिकृत मासा आहे.

बर्नी फाउलर हे नाव या किनाऱ्यावर सगळ्यांना ठाऊक असतं. पटक्सेंट नदी चेसापीकला मिळते त्या भागात, ब्रूम्स आयलंडला, त्यांचं आयुष्य गेलं. पुढे ते काउंटीचे लोकप्रतिनिधी झाले, मग राज्याच्या सिनेटमध्ये गेले, आणि २०२१ मध्ये सत्त्याण्णवाव्या वर्षी वारले. त्यांची आठवण एका वाक्याची होती: १९५०च्या दशकात आपण खेकडे धरायला खांद्याइतक्या पाण्यात उतरायचो तेव्हा खाली आपले पाय दिसायचे. दोन-तीन दशकांत ते दिसेनासे झाले. आपल्याकडचा एखादा पुढारी यावर भाषण करून थांबला असता. फाउलर आणि त्यांचे मित्र, चेसापीकचे गायक-शिक्षक टॉम विस्नर, यांनी १९८८ मध्ये या आठवणीचं माप काढायचं ठरवलं. जून महिन्यातल्या एका रविवारी लोकांनी हातात हात घालून नदीत चालत जायचं. फाउलरच्या पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. ते दिसेनासे झाले की थांबायचं, आणि पाणी अंगाला कुठवर लागलं ते पट्टीनं मोजायचं. पहिल्या वर्षी माप भरलं जेमतेम १० इंच. म्हणजे पोटरीपर्यंतसुद्धा धड नाही. १९९७ मध्ये ते साडेचव्वेचाळीस इंचांपर्यंत गेलं. खांदा काही कधी गाठला गेला नाही. फाउलर गेल्यानंतरही हा वार्षिक नदीप्रवेश चालू आहे, आणि या आकड्याला तिथे गमतीनं पण अधिकृत कागदांतही ‘बुटांचा निर्देशांक’ म्हटलं जातं.

हे मोजमाप शास्त्रीय नाही हा पहिला आक्षेप, आणि तो खराच आहे. वर्षातला एकच दिवस, तोही लोकांच्या सोयीचा. आदल्या आठवड्यात जोराचा पाऊस झाला तर पाणी गढूळ. शेकडो पावलांनी तळ ढवळला तर आणखी गढूळ. मोजणाऱ्याची नजर वयाप्रमाणे अधू होत गेलेली. तरीही पांढरी वस्तू कुठवर दिसते यावरून पाण्याची पारदर्शकता ठरवायची, ही कल्पना फाउलरची नव्हे. १८६५ मध्ये अँजेलो सेकी या इटालियन खगोलशास्त्रज्ञानं पोपच्या जहाजावरून भूमध्य समुद्रात पांढऱ्या तबकड्या सोडून हेच केलं होतं, आणि ‘सेकी तबकडी’ आजही जगभरच्या तळ्यांत आणि खाड्यांत वापरली जाते. तेव्हा बुटाची जोडी ही ओबडधोबड का होईना, ओळखीच्या उपकरणाचीच जात. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की फाउलरच्या आठवणीत माप आधीपासूनच दडलेलं होतं. ‘पाणी पूर्वी स्वच्छ होतं’ हे विधान तपासता येत नाही. ‘खांद्याइतक्या पाण्यात पाय दिसत’ हे तपासता येतं, कारण त्यात शरीराची उंची हीच पट्टी आहे. आठवणी गोळा करणाऱ्यानं विशेषणं सोडून अशा पट्ट्या शोधायच्या असतात: कुठल्या खडकावर उभं राहिलं की मासा मिळे, कोणत्या महिन्यात, किती वेळात, आणि तो टोपलीत मावत होता की नाही.

शिवाय या आठवणीनं प्रत्यक्षात काम केलं, ते नुसतं प्रतीकाचं नव्हे. पटक्सेंट नदी वॉशिंग्टन आणि बाल्टिमोर यांच्या मधल्या उपनगरांतून वाहत येते. दुसऱ्या महायुद्धानंतर ही उपनगरं वाढली, त्यांचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी नदीत येऊ लागलं. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात खालच्या अंगाच्या तीन काउंट्यांनी, त्यात फाउलर पुढे होते, वरच्या अंगाच्या सांडपाण्यावरून राज्य सरकार आणि केंद्रीय पर्यावरण यंत्रणेविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. सरकारी म्हणणं असं की सांडपाण्यातला फॉस्फरस काढला की पुरे. नदीच्या मुखाशी सॉलोमन्सला १९२५ पासून चालू असलेल्या जीवशास्त्रीय प्रयोगशाळेतले संशोधक म्हणत होते की खाऱ्या पाण्याच्या टप्प्यात खरा चोर नायट्रोजन आहे. नायट्रोजन वाढला की सूक्ष्म शैवाल माजतं. त्याची सावली तळावर पडते. सूर्यप्रकाशाअभावी पाणगवत मरतं. गवताच्या मुळांनी धरून ठेवलेला गाळ सुटतो आणि पाणी आणखी गढूळ होतं. शैवाल मरून कुजतं तेव्हा खोल पाण्यातला ऑक्सिजन संपतो. १९८१ मध्ये सर्व पक्षांना एकत्र बसवून तोडगा निघाला, आणि त्यात नायट्रोजन काढण्याची बाजू मान्य झाली. पुढे संपूर्ण उपसागरासाठी हाच दृष्टिकोन स्वीकारला गेला. आता फाउलरची आठवण पुन्हा वाचून पाहावी. पाय दिसणं, गवत असणं आणि त्या गवतात कात टाकून मऊ झालेले खेकडे लपलेले असणं, या त्या तरुणाच्या लेखी तीन आनंदाच्या गोष्टी होत्या. प्रयोगशाळेच्या लेखी त्या एकाच साखळीच्या तीन कड्या निघाल्या. आठवणीनं प्रश्न विचारला, कारण प्रयोगशाळेनं सांगितलं. दुसरीचं श्रेय पहिलीला देऊ नये, पण पहिलीवाचून खटला उभा राहिला नसता हेही खरं.

दुसरा आक्षेप अधिक जुना आहे: माणसं फुगवून सांगतात. लहान मुलाला तर सगळंच मोठं दिसतं; तीन फुटी पोराच्या हातातला दोन फुटी मासा म्हणजे देवमासाच. आणि स्मृतीला सरासरी राहत नाही, टोकं राहतात. रिकाम्या हातांनी परतलेल्या संध्याकाळी विरून जातात आणि एक भरघोस दिवस उरतो. हे सगळं मान्य करूनही मार्ग निघतो, आणि तो मेक्सिकोतल्या एका अभ्यासानं फार सुबकपणे दाखवला. आंद्रेआ साएन्स-अरोयो आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या आखातातल्या तीन पिढ्यांच्या १०८ मच्छीमारांच्या मुलाखती प्रसिद्ध केल्या. त्यांनी स्मृतीच्या दोषाचाच उपयोग करून घेतला: सरासरी विचारलीच नाही, विचारलं ते आयुष्यातला सर्वांत चांगला दिवस आणि सर्वांत मोठा मासा. असे दिवस माणसाला नीट आठवतात. म्हाताऱ्यांनी तरुणांच्या पाचपट जातींची नावं ‘आता मिळत नाहीत’ म्हणून सांगितली, आणि गल्फ ग्रूपर या मोठ्या माशाच्या बाबतीत सर्वोत्तम दिवसाची त्यांची पकड तरुणांच्या पंचवीसपटीपर्यंत होती. आता समजा सगळेच दुप्पट करून सांगतात. तरुणही माणसंच आहेत, तेही दुप्पट करतील. गुणोत्तर तेवढंच राहील. म्हाताऱ्यांना फुगवायला अधिक वर्षं मिळाली असं म्हणावं, तर पंचवीसपट भरून काढायला त्यांना फारच कल्पनाशक्ती हवी. ही माणसं हौशी नव्हती, पोटासाठी मासे धरणारी होती, हा फरक लक्षात घ्यायला हवा. पण पोटाचा हिशेब ठेवणाऱ्याची आठवण हौशी माणसाहून अधिक काटेकोर असेल असं गृहीत धरलं, तरी गुणोत्तराचा मुद्दा हौशी माणसालाही तसाच लागू होतो.

हौशी लोकांच्या बाबतीत याहून कडक साक्षीदार मिळाला आहे, तो म्हणजे त्यांचीच बढाई. फ्लोरिडाच्या टोकाला की वेस्ट या बंदरात पर्यटकांना दिवसभरासाठी मासेमारीला नेणाऱ्या बोटी आहेत. संध्याकाळी धक्क्यावर परतल्यावर दिवसाची सगळी पकड एका लाकडी फलकावर टांगायची आणि शेजारी उभं राहून छायाचित्र काढायचं, ही तिथली अनेक दशकांची प्रथा. लॉरेन मॅक्लेनाहन या संशोधिकेनं १९५६ ते २००७ या काळातली अशी छायाचित्रं घेऊन टांगलेले मासे मोजले. फलक ओळखीचा असल्यामुळे मापाला आधार होता. २००९ मध्ये तिनं निष्कर्ष प्रसिद्ध केले: माशाचं सरासरी वजन अंदाजे १९.९ किलोवरून २.३ किलोवर आलं होतं. जुन्या चित्रांत माणसाच्या उंचीचे ग्रूपर आणि शार्क. नव्यात बहुतांशी वीतभरापेक्षा थोडे मोठे स्नॅपर. चित्रात दरवेळी त्या दिवसाची निवडक फुशारकीच असते, हा आक्षेप इथे लंगडा पडतो, कारण फुशारकी १९५६ मध्येही निवडकच होती आणि २००७ मध्येही. तिनं आणखी एक गोष्ट तपासली, ती मला आकड्यांइतकीच बोलकी वाटते. महागाई वजा केली तर या सहलींचे दर माशांबरोबर उतरले नव्हते. १९५०च्या दशकातल्या बापाच्या वाट्याला आलेल्या माशाच्या आठव्या-नवव्या हिश्शाला मुलगा किंवा नातू तेवढेच पैसे मोजत होता, आणि छायाचित्रात तेवढाच हसत होता. त्याला फसवल्याची जाणीव नव्हती, कारण त्याच्यापाशी तुलनेसाठी काही नव्हतं.

मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी १९९५ मध्ये एका अगदी छोट्या, जेमतेम पानभर लेखात या जाणिवेच्या अभावाला नाव दिलं: सरकती आधाररेषा. प्रत्येक पिढीचा शास्त्रज्ञ आपण काम सुरू केलं तेव्हाची स्थिती ही ‘मूळ’ समजतो आणि तिथून घट मोजतो. पुढच्या पिढीची सुरुवात त्या घटलेल्या जागेवरून होते. पॉलींच्या लेखात एका सहकाऱ्याच्या आजोबांचा दाखला आहे: डेन्मार्क आणि स्वीडन यांच्या मधल्या कॅटेगॅट समुद्रात १९२०च्या दशकात ते बांगड्याच्या जातीच्या मॅकरलसाठी जाळी लावत, आणि ब्लूफिन ट्यूना त्यात अडकून त्यांना वैताग आणत. हा वैताग म्हणजे त्या पाण्यातल्या ट्यूनाची नोंद, आणि ती कुठल्याही सरकारी तक्त्यात नव्हती. पॉलींचं म्हणणं असं की अशा गोष्टी शास्त्राबाहेर ठेवल्या म्हणूनच रेषा सरकते. मानसशास्त्रज्ञ पीटर कान यांना मुलांच्या बाबतीत हेच दिसलं: ह्यूस्टन शहरातल्या मुलांना प्रदूषण म्हणजे काय ते छान सांगता येत होतं, पण आपण राहतो तो भाग प्रदूषित आहे असं त्यांतल्या पुष्कळांना वाटत नव्हतं. ज्या हवेत डोळे उघडले ती हवा स्वच्छ. मुंबईच्या बाजारात पापलेटाच्या आकारावरून चालणारी कुरकूर ऐकलेल्या वाचकाला हे नवं वाटणार नाही. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये पापलेटाला राज्यमासा जाहीर केलं ते त्याची संख्या घटते आहे म्हणूनच. पण त्या कुरकुरीतलं आजीचं माप आणि नातीचं माप वेगवेगळं लिहून ठेवण्याची सवय आपल्याला अजून लागलेली नाही.

आता सर्वांत जड आक्षेप. आधाररेषा सरकते हे मान्य केलं, तर फाउलरची रेषा तरी कुठे स्थिर होती? १९५०चं दशक हे चेसापीकचं मूळ रूप नव्हे. मेरीलँडमध्ये १८८०च्या दशकात वर्षाला दीड कोटी बुशेलच्या आसपास कालवं उपसली जात होती, आणि फाउलर जन्मायच्या कितीतरी आधीच कालवांचे थरच्या थर खरवडून झाले होते. कालव पाणी गाळून अन्न घेतं. रॉजर न्यूवेल यांनी १९८८ मध्ये अंदाज बांधला की १८७०पूर्वीची कालवं सगळ्या उपसागराएवढं पाणी तीन ते सहा दिवसांत गाळत असावीत. त्यांच्या काळात उरलेल्यांना त्यासाठी जवळजवळ वर्ष लागलं असतं. या अंदाजात मतभेदांना जागा आहे, दिशेत नाही. त्याहूनही मागे जायचं तर ग्रेस ब्रश यांनी तळाच्या गाळात खोल नळ्या घालून काढलेले थर आहेत. त्यांत रॅगवीड या तणाचे परागकण कुठे अचानक वाढतात ते पाहिलं की वसाहतवाल्यांनी जंगलं तोडून शेतं केव्हा काढली ते कळतं, आणि त्या थरापासून वर गाळ साचण्याचा वेगही वाढलेला दिसतो. १६०८ मध्ये कॅप्टन जॉन स्मिथ इथे आला तेव्हा मासे इतके दाट होते की त्याच्या माणसांनी तळणीच्या तव्यानंच ते धरायचा प्रयत्न केला, असं त्याच्या वृत्तांतात आहे. तवा त्या कामाला नालायक ठरला. स्मिथला इंग्लंडातून आणखी माणसं बोलवायची होती, त्यामुळे त्याच्या तव्यावर किती विश्वास ठेवायचा हे ज्यानं त्यानं ठरवावं. पण थर खोटं बोलत नाहीत. तेव्हा फाउलरचं स्वच्छ पाणी हे आधीच गढूळलेलं पाणी होतं.

यावरून काही जण असा निष्कर्ष काढतात की एका माणसाच्या तरुणपणाला आदर्श मानणं ही भाबडी स्मरणरंजनाची तऱ्हा आहे. मला हा निष्कर्ष उलटा वाटतो. ती रेषा खाली सरकलेली आहे, म्हणूनच तिच्या आधारानं केलेली मागणी कमीत कमी आहे. आपण कुठवर घसरलो हे ती पूर्ण सांगत नाही, पण निदान कुठवर चढता येतं हे सांगते, कारण त्या पाण्यात माणसं राहत होती, शेती करत होती, बोटी चालवत होती, आणि तरीही पाय दिसत होते. सतराव्या शतकातलं पाणी परत आणायचं तर चेसापीकच्या पाणलोटातली १ कोटी ८० लाखांहून अधिक माणसं कुठे ठेवायची हा प्रश्न येतो. १९५५ मधलं पाणी मागणाऱ्याला असं हसण्यावारी नेता येत नाही. आणि गेलेलं अजिबात परत येत नाही असंही नाही. १९७२च्या जूनमध्ये अ‍ॅग्नेस वादळाच्या पुरानं उपसागराच्या माथ्यावरचं सस्कुहॅना नदीच्या मुखाशी असलेलं अफाट पाणगवत धुऊन नेलं. तीसेक वर्षं ते जवळपास नव्हतंच. मग २०००च्या दशकात परतलं. १९८४ मध्ये हवाई छायाचित्रांवरून संपूर्ण उपसागरात सुमारे ३८,००० एकर गवत मोजलं गेलं होतं, २०१८ मध्ये ते लाखाच्या वर होतं. त्या मधल्या तीस वर्षांत तिथे वाढलेल्या मुलाला विचारलं असतं तर त्यानं शपथेवर सांगितलं असतं की इथला तळ उघडाच असतो. त्याच्या आजोबांची गोष्ट खरी होती.

एक चौकशी मात्र अशा आठवणींच्या वाट्याला फार क्वचित येते: ही कोणाची बालपणं? चेसापीकच्या काठची जुनी छायाचित्रं आणि स्मृतिग्रंथ पाहिले तर धक्क्यावर गळ टाकून बसलेली मुलं बहुतेक गोरी असतात. १९५२ मध्ये सुरू झालेल्या सँडी पॉइंट या सरकारी उद्यानात गोऱ्यांचा किनारा वेगळा आणि काळ्यांचा वेगळा होता. ही विभागणी मोडायला न्यायालय लागलं. अ‍ॅनापोलिसजवळचे कार्स बीच आणि स्पॅरोज बीच हे काळ्या कुटुंबांचे किनारे होते, आणि तिथल्या आठवणींत संगीताच्या मैफली पुष्कळ येतात कारण रे चार्ल्ससारखे गायक तिथे गात. मासे किती होते हे त्यांना फारसं कोणी विचारलंच नाही. म्हणजे हा पुरावा गोळा करताना ज्यांच्यापाशी बोट, धक्का आणि मोकळा वेळ होता त्यांचंच पाणी नोंदलं जातं. त्यानं आठवण खोटी ठरत नाही. नकाशाचा मोठा भाग कोरा राहतो, एवढंच. तो भरायचा तर दोऱ्या लावून पुलावरून खेकडे धरणाऱ्यांनाही तेच प्रश्न विचारायला हवेत.

रॉकफिशकडे वळलं की आठवणीची दुसरी मर्यादा समोर येते, आणि इथे मोजमापाचा वरचष्मा मान्य केलाच पाहिजे. हा मासा वसंतात नद्यांच्या गोड्या पाण्यापर्यंत वर येऊन अंडी घालतो, आणि अटलांटिक किनाऱ्यावरच्या बहुसंख्य रॉकफिशचा जन्म चेसापीकच्या नद्यांत होतो. मेरीलँडमध्ये १९५४ पासून दर उन्हाळ्यात ठरावीक ठिकाणी ओढजाळं ओढून त्या वर्षीची पिलं मोजतात. दीर्घकालीन सरासरी एका ओढीला अकराच्या आसपास. पण २०११ मध्ये हा आकडा ३४.६ होता, आणि पुढच्याच वर्षी ०.९. थंड आणि ओला वसंत असला की पिलं तगतात, हिवाळा ऊबदार आणि कोरडा गेला की तगत नाहीत. म्हणजे दहा वर्षांच्या पोराला लाभलेलं एखादं सोन्याचं साल त्या आधीच्या एका थंड वसंताची देणगी असू शकतं. एका सालाच्या आठवणीवरून काही ठरवू नये, दशकावरून ठरवावं. आणि दशकं पाहिली तर ती खरोखरच वेगळी निघतात. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला पिलं इतकी घटली की १९८५ ते १९९० मेरीलँडनं रॉकफिश धरायलाच बंदी घातली. त्या वर्षांत वाढलेल्या मुलाच्या बालपणात हा मासा नाही. १९९५ मध्ये साठा सावरल्याचं जाहीर झालं, आणि त्यानंतरच्या मुलांना तो भरपूर मिळाला. इथे तरुणाची आठवण मोठ्या भावाच्या आठवणीपेक्षा समृद्ध आहे. ‘पूर्वी सगळं छान होतं’ एवढाच ज्यांचा सिद्धान्त आहे त्यांना हे उदाहरण अडचणीचं जाईल. आठवण हा पुरावा मानणाऱ्याला ते सोयीचं आहे, कारण आठवणी सगळ्या एकाच दिशेला झुकलेल्या नसतात हेच त्यातून दिसतं.

शेवटचा आक्षेप नैतिक आहे: हौशी माणसाला साक्षीदार कशाला म्हणायचं, तोच तर आरोपी आहे. पटक्सेंटच्या बाबतीत हे लागू नव्हतं. खेकडे धरणाऱ्यानं नायट्रोजन ओतला नव्हता. रॉकफिशच्या बाबतीत लागू आहे, आणि आकडा ऐकून पुष्कळांना धक्का बसतो. २०१७ मध्ये अटलांटिक किनाऱ्यावर मेलेल्या रॉकफिशपैकी व्यावसायिक मच्छीमारांचा वाटा दहाएक टक्के होता. हौशींनी घरी नेलेले सुमारे ४२ टक्के. आणि सर्वांत मोठा भाग, सुमारे ४८ टक्के, हौशींनी पकडून पुन्हा पाण्यात सोडलेल्या आणि नंतर मेलेल्या माशांचा. सोडलेल्यांपैकी ९ टक्के मरतात असं अभ्यासक धरून चालतात. टक्केवारी लहान, पण सोडलेले मासे कोट्यवधी, म्हणून मेलेले ३४ लाखांच्या घरात. मासा पाण्यात परत सोडला की आपले हात स्वच्छ, ही समजूत या हिशेबात टिकत नाही, विशेषतः उन्हाळ्याच्या तापलेल्या पाण्यात. पण आरोपी असल्यानं साक्ष बाद होत नाही. उलट या पाण्याकडे इतक्या वारंवार, इतक्या बारकाईनं आणि पदरच्या खर्चानं पाहणारा दुसरा माणूस नाही. त्याच्या आठवणीतून त्याचा स्वतःचा हात वगळला जातो, तो हिशेब आपण मांडायचा.

या सगळ्याचं पर्यवसान आज एका अगदी कोरड्या वाटणाऱ्या वादात झालं आहे. २०१९ पासून मेरीलँडचा पिलांचा आकडा दर वर्षी सरासरीच्या बराच खाली राहिला. २०२३ मध्ये तो १.० होता. त्या वर्षी किनाऱ्यावरच्या राज्यांच्या संयुक्त आयोगानं हौशी लोकांना समुद्रात २८ ते ३१ इंचांच्या मधलाच मासा ठेवण्याची मुभा दिली, म्हणजे २०१५ मध्ये जन्मलेली भरघोस पिढी वाचावी. साठा २०२९ पर्यंत सावरायचा आहे. पण सावरायचा म्हणजे कुठवर? आयोगानं धोक्याची पातळी म्हणून अंडी घालणाऱ्या माद्यांचं १९९५ मधलं अंदाजित एकूण वजन धरलं आहे, आणि उद्दिष्ट त्याच्या सव्वापट. १९९५ का, तर बंदीनंतर साठा सावरला असं ज्या वर्षी सगळ्यांना पटलं ते हे वर्ष. शास्त्रज्ञांच्या समीकरणांच्या बुडाशीही अशा रीतीनं एक पटलेलं साल, एका पिढीची सहमती बसलेली आहे. काहींचं म्हणणं, हिवाळे आता ऊबदार झाले, तेव्हा ही रेषा गाठणं शक्य नाही, ती खाली आणावी. बोटवाले आणि आमिष विकणारे दुकानदार यांच्यातल्या काहींना ते सोयीचं आहे. ज्यांनी नव्वदच्या दशकाच्या शेवटी शाळकरी वयात पहिला रॉकफिश ओढला ती माणसं आज चाळिशीच्या आसपास आहेत, जनसुनावणीत येऊन बोलतात, आणि रेषा खाली आणायला त्यांच्यातल्या अनेकांचा विरोध आहे.